सर्पगरुडाच्या पहाऱ्यात

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढच्या हकिकतीत कुणी माझं शौर्य शोधत बसणार नाही. पाल दिसली की मी पलंगावर चढते, वीज कडाडली की टीव्हीचा प्लग काढते, लिफ्टमध्ये एकटी शिरत नाही. पण हे सगळं किरकोळ. माझी खरी भीती एकच, आणि ती सापाची.

तिला कारण आहे. आमचं गाव वैनगंगेच्या काठचं, चहूकडे धानाच्या बांध्या. मी पाचसहा वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ, नुकता चालायला लागलेला, माझ्या शेजारी चटईवर झोपला आणि सकाळी उठलाच नाही. मण्यार चावल्याचं धड दुखतही नाही म्हणतात. त्याच्या पायाच्या अंगठ्याजवळ डास चावल्यासारखे दोन ठिपके होते, बस. त्यानंतर मी जमिनीवर कधी झोपले नाही. पाहुण्यांकडे खाटा कमी पडल्या तर मी टेबलावर झोपायची आणि सगळे हसायचे. मला त्यांच्या हसण्याचं काही वाटत नसे.

लग्न होऊन पुण्याला आले, स्वारगेटला उतरले, आणि जिकडे पाहावं तिकडे डांबर आणि सिमेंट बघून मला इतकं हायसं वाटलं की नवऱ्याला वाटलं बायको शहराच्या प्रेमात पडली. तो संगणकाच्या कंपनीत लागला होता. त्या वर्षांत आमच्याकडची निम्मी शिकलेली पोरं पुण्यात येऊन पडली होती आणि उरलेली निम्मी निघायच्या तयारीत होती. कर्वेनगरात आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली बेकरी, वर घरमालक. साप तिथे यायचाच म्हणाला असता तर आधी त्याला मालकांची लेखी परवानगी काढावी लागली असती. त्या घरात मी निर्धास्त होते.

मग मुलगा झाला आणि नवऱ्याला स्वतःच्या घराचे डोहाळे लागले. कर्वेनगरच्याही पुढे, नुकत्याच महापालिकेच्या हद्दीत आलेल्या एका गावाच्या शेतात, टेकडीच्या पायथ्याशी नवी सोसायटी उभी राहिली होती. त्याने तळमजला पसंत केला. पुढे सिट-आउट, त्याला लागून कुंपणाची भिंत, भिंतीपलीकडे ओढा आणि ओढ्याकाठी जुनी दाट झाडी. ब्रोशरवर या झाडीचाच फोटो होता. मी म्हटलं, "तिसरा मजला घेऊ." तो म्हणाला, "अगं, मुलाला मोकळं खेळता येईल." आणि मग जरा खाली मान घालून म्हणाला, "बुकिंग झालंय."

आम्ही राहायला गेलो तेव्हा मुलगा रांगायला लागायच्या बेतात होता. पहिल्याच सकाळी, ऊन जरा तापल्यावर, आभाळातून एक आवाज आला. लांबलचक, चिरका, शेवटी दोन तुटक शिट्ट्या. एखादं मूल उंचावरून कुणाला तरी हाका मारतंय असं वाटलं. मी मुलाला उचलून सिट-आउटवर आले आणि वर पाहिलं. रुंद पंखांचा एक मोठा पक्षी टेकडीवरून गोल गोल वर चढत होता. पंखांच्या खालच्या बाजूने कडेला एक ठळक पांढरा पट्टा. पंख एकदाही न हलवता तो चढत होता आणि ओरडत होता.

समोरच्या दारातल्या मावशी कपडे वाळत घालत होत्या. ही जमीन म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचं शेत. जमिनीच्या बदल्यात त्यांना या इमारतीत घरं मिळाली होती. मी त्यांना विचारलं, "मावशी, हे काय आहे हो?"

"घार म्हना ना. जनावरं खाती ती."

"जनावरं म्हणजे?"

मावशींनी हातानेच जमिनीवर सळसळती रेघ काढून दाखवली. त्यांच्यात सापाचं नाव घेत नाहीत, घेतलं की तो येतो म्हणे. "आवो ताई, हायतच की हितं. शेत व्हतं आमचं. पर भिऊ नगा, कुनाला काय करत न्हाईत."

त्या दिवशी मी सिट-आउटचं सरकतं काचेचं दार लावलं आणि त्याच्या खालच्या फटीत जुनी साडी कोंबली. संध्याकाळी नवरा आला तो विचारू लागला, एवढं कोंडून का घेतलंयस? मी सांगितलं. तो म्हणाला, "मग चांगलंच आहे की. खाणारा आहे म्हणजे उरणार नाहीत." इंजिनिअर माणूस. मी म्हटलं, खाणारा आहे याचाच अर्थ त्याला पुरतील एवढे आहेत.

त्या पक्ष्याचं खरं नाव मला सोसायटीच्या चेअरमनांनी सांगितलं. सगळा जन्म बुधवार पेठेत काढलेले, निवृत्तीनंतर शांतता हवी म्हणून इकडे आलेले, आणि शांतता मिळाल्यावर तिचा कंटाळा आलेले असे ते गृहस्थ होते. गळ्यात कायम दुर्बीण. "घार नव्हे हो बाई, सर्पगरुड. जंगलातला पक्षी आहे तो. टेकडीपलीकडे रान आहे ना, तिथला. आपण त्याच्या दारात येऊन बसलोय. मेंटेनन्स तेवढा त्याला लावलेला नाही अजून."

ओढ्याच्या अलीकडच्या काठावर एक वठलेला शिरीष होता. आमच्या सिट-आउटपासून सरळ रेषेत. त्याच्या मोडक्या फांदीवर तो सर्पगरुड रोज येऊन बसायचा आणि बसायचा म्हणजे बसायचाच. तासन्‌तास. आधी मला त्याचीही भीती वाटली. काळपट तपकिरी अंग, पोटावर पांढरे ठिपके, डोळ्यांभोवती हळदीसारखी पिवळीजर्द कातडी. वारा आला की डोक्यामागची काळीपांढरी पिसं फुलायची आणि डोकं एकदम दुप्पट दिसायचं. कावळे त्याच्या अंगावर जाऊन ओरडायचे, तरी हा ढिम्म. पण पाहता पाहता मला त्याची रीत कळू लागली. तो नुसता बसलेला नसायचा. त्याची नजर खाली गवतावर असायची. मान आधी एका बाजूला कलायची, मग दुसऱ्या. मग तो अंग पुढे झुकवायचा. आणि फडफड न करता, एखादी चादर खाली पडावी तसा, फांदीवरून उतरायचा. परत वर यायचा तेव्हा पंजात काहीतरी वळवळत असायचं. पाय उघडे, जाड खवल्यांचे, त्यामुळे दंश झाला तरी सहसा आत शिरत नाही, असं चेअरमन म्हणाले.

मी दार उघडायची ती त्याच्याकडे बघून. हे कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. तो फांदीवर असला आणि त्याचं तोंड ओढ्याकडे असलं की दार उघडं, मुलगा खाली. त्याची मान आमच्या भिंतीकडे वळली की मुलगा कडेवर, दार बंद. तो नसला तर मुलगा पलंगावर, चहूबाजूंनी उशा. नवरा फोन करून विचारायचा, "तुझे साहेब आले का ऑफिसात?" मी खरंच खिडकीत जाऊन बघायची आणि सांगायची.

थंडी सरता सरता ओढ्याकाठच्या उंच जांभळावर काटक्यांचं घरटं झालं. दरवर्षी नवं बांधतात म्हणे, आणि अंडं घालतात एकच. मादी त्यावर बसून राहिली आणि नर शिकार आणू लागला. माझ्या फांदीवर बसायचा तो नर होता हे तेव्हा कळलं. पिल्लू झाल्यावर चेअरमनांनी मला गच्चीवर बोलावून दुर्बीण दिली. नर घरट्याच्या काठावर उतरला. त्याच्या चोचीतून काळी दोरी लोंबत होती. मला वाटलं घरट्यासाठी आणली असेल. मग मादीने ती दोरी धरली आणि ओढायला लागली, आणि नराच्या घशातून ओढत ओढत अख्खा साप बाहेर निघाला. शिकार अर्धी गिळून, शेपूट बाहेर ठेवून तो आणतो, म्हणजे उडताना अडचण होत नाही आणि कावळ्यांनाही हिसकावता येत नाही. मी दुर्बीण चेअरमनांच्या हातात देऊन कठड्याला धरून उभी राहिले. ते म्हणाले, "आमच्या पेठेत लग्नातले लाडू असेच घरी न्यायचे."

त्याच सुमाराला टेकडी कापायला सुरुवात झाली. पलीकडे काचेच्या इमारती व्हायच्या होत्या, आणि त्यांतल्या एकीत नवऱ्याच्या कंपनीचंच नवं ऑफिस येणार असल्याची बोलवा होती. दिवसभर जेसीबी घरघरत. बिळं, खबदाडं, दगडांच्या राशी उपसल्या जात होत्या आणि तिथलं जे काही होतं ते उतारावरून खाली, म्हणजे आमच्याकडे येत होतं. मावशी सांगायच्या, आज पाण्याच्या टाकीपाशी दिसलं, काल जिन्याखाली दिसलं. मी कानांवर हात ठेवायची. एक दिवस नर गिळता न येण्याएवढी मोठी धामण पंजात घेऊन उडत असताना कावळ्यांनी त्याला घेरलं आणि ती धामण त्याच्या पंजातून निसटून पार्किंगमध्ये एका गाडीच्या बॉनेटवर धप्पकन पडली. अर्धमेली होती, पण हलत होती. मग काय विचारता! त्याच संध्याकाळी मीटिंग. साप आभाळातून पडायला लागले तर माणसाने जायचं कुठे, असं एक बाई रडत म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, उद्या तो लहान मूल उचलून नेईल. कुणी म्हणालं जांभूळ तोडा, कुणी म्हणालं दिवाळीचे उरलेले सुतळी बॉम्ब लावा. मला तो राहिला तरी भीती वाटत होती आणि गेला तर त्याहून जास्त. शेवटी ठराव काही झाला नाही, पण दुसऱ्या दिवशी फलकावर चेअरमनांच्या अक्षरात सूचना लागली: "गरुड मुले उचलत नाही. मुले ज्याची त्याने उचलावीत, विशेषतः पार्किंगमधून."

एप्रिलमध्ये मी वाळवण घातलं. आता या सगळ्यात हिला वाळवण सुचतंय, असं म्हणाल. पण उन्हाळ्यात कुरड्या घातल्या नाहीत तर आमच्याकडच्या बायकांना वर्ष लागल्यासारखं वाटत नाही. गावाहून आणवलेली बाज सिट-आउटवर टाकली, वर स्वच्छ धोतर, त्यावर गव्हाच्या चिकाच्या कुरड्या. आणि लगेच कावळे. गावाकडे आम्ही काठीला काळं फडकं बांधतो. नवरा म्हणाला, ते जुनं झालं, आणि ऑफिसातून वाया गेलेल्या सीडी पिशवीभर घेऊन आला. त्या वेळी सगळ्याच ऑफिसांत रोज ढिगाने सीडी वाया जायच्या. आम्ही त्या दोऱ्यांत ओवून सिट-आउटच्या वर ओळीने टांगल्या. वाऱ्यावर फिरायच्या आणि ऊन लागलं की आरसे चमकावेत तशा चमकायच्या. कावळे फिरकेनात. शेजारणी येऊन कौतुक करून गेल्या. नवरा तर काही मोठा प्रोग्रॅम लिहून दिल्यासारखा खूष होता.

दुसऱ्या दिवशी फांदी रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. नर वरून जाताना दिसायचा, पण शिरिषापाशी आला की वळायचा. त्या चमचमाटाने त्याचे डोळे दिपत होते, हे मला कळलं होतं. सीडी काढून टाकाव्यात हेही कळत होतं. पण कुरड्या अजून अर्ध्या ओल्या होत्या, आणि मी म्हटलं, आज कडक ऊन आहे, उद्या काढू.

मुलगा तेव्हा अकरा महिन्यांचा होता. टीपॉयला धरून उभा राहायचा, टीपॉयची एक बाजू चालून जायचा आणि मग बसकण मारून टाळ्या वाजवायचा. त्या दुपारी मी कुरड्या उलटायला दार उघडून बाहेर गेले. तो माझ्या मागून रांगत उंबऱ्यापर्यंत आला. आणि मला कुकरची शिटी ऐकू आली. शिटी होण्याआधी वाफ कोंडून फसफसते, तसा आवाज. माझ्या डोक्यात पहिला विचार आला की कुकर तर मी लावलेलाच नाही.

बाजेखाली सावलीत ती होती. जाडजूड, मातकट, अंगावर साखळीसारखे गोल. मुलगा तिच्यापासून हातभर अंतरावर, तो फसफसणारा आवाज ऐकून थांबलेला, मान वर करून माझ्याकडे बघत होता. त्याला हसावं की रडावं हे माझ्या तोंडाकडे बघून ठरवायचं होतं.

पुढचं मला आठवत नाही. मी त्याला कसा उचलला, बाजेच्या कुठल्या बाजूने आत गेले, काही नाही. आठवतं ते सोफ्यावर उभं राहणं. मुलाला इतकं घट्ट धरलं होतं की तो किंचाळत होता, आणि मीही किंचाळत होते, आणि दाराबाहेर मावशी दार वाजवत होत्या, पण कडी काढायला मी खाली पाय ठेवू शकत नव्हते. त्यांनी बोलावलेला सर्पमित्र शेवटी कुंपणाच्या भिंतीवरून सिट-आउटवर आला. त्याने आकडीने तिला बाजेखालून काढली, पिशवीत घातली आणि म्हणाला, "घोणस आहे. मोठी आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उतरा आता, ताई." मी उतरले नाही. नवरा येईपर्यंत सोफ्यावरच होते.

सीडी त्याच संध्याकाळी काढल्या. कुरड्या बाजेसकट मावशींच्या गड्याला देऊन टाकल्या. चार दिवसांनी नर परत शिरिषाच्या फांदीवर येऊन बसला, मान कलवून गवतात बघू लागला. पण मी मुलाला खाली ठेवलं नाही.

म्हणजे अजिबात ठेवलं नाही. त्याला कडेवर घेऊन स्वयंपाक केला, पाठीला साडीने बांधून भांडी घासली. झोपेल तेव्हा पलंगावर, जागा असेल तेव्हा माझ्या अंगावर. माझा डावा हात खांद्यापासून ठणकायचा. नवरा म्हणायचा, "दे जरा, मी खेळवतो," आणि मी म्हणायची, "कडेवरच ठेव." त्याने एकदा गंमत म्हणून त्याला फरशीवर टेकवलं, तर मी इतकी ओरडले की वरच्या मजल्यावरच्यांनी खाली डोकावून पाहिलं. आईला फोनवर सांगितलं तर ती चिडली. "काहून वं, लेकराले खाली ठेवत नाहीस?" मी म्हटलं, तुला माहीत नाही का काहून? मग ती म्हणाली, "तुहा भाऊ गेला, त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी म्या तुले आंगनात सोडलं होतं. तू खेळत होती अन् म्या दारात बसून थरथरत होती." आणि तिने फोन ठेवून दिला.

मला तिचा राग आला. हिचं काळीज दगडाचं, असं मी मनात म्हटलं आणि मुलाला खाली ठेवलं नाही.

वर्षाच्या वाढदिवसाला शेजारची मुलं जमली आणि कुणीतरी म्हणालं, बघू, उभा राहतो का. नवऱ्याने त्याला बगलेत धरून खाली टेकवायला घेतलं. मुलाने दोन्ही पाय वर ओढून घेतले. पुन्हा टेकवायला गेला तर गुडघे पोटाशी, बोटं आखडलेली, आणि भोकाड. तापल्या तव्यावर ठेवत असल्यासारखा तो फरशीपासून पाय सोडवत होता. टीपॉयच्या कडेने चालणारा माझा मुलगा. सगळे म्हणाले, लाजतोय. पण मी त्याचे डोळे बघितले होते आणि ते डोळे माझ्या ओळखीचे होते.

डॉक्टरांनी पाय हलवून बघितले, गुडघ्यांवर ठोकून बघितलं. म्हणाले, "पायांना काही झालेलं नाही. याला खाली सोडा." मी विचारलं, नाही सोडला तर? ते म्हणाले, "मग कॉलेजात कडेवर नेऊन सोडावा लागेल." पुण्यात डॉक्टरही असेच. मी हसले नाही. इतके दिवस मी साप त्याला चावेल म्हणून भीत होते. आता भीती वाटायला लागली की मीच त्याला चावले आहे.

त्या आठवड्यात जांभळावरचं पिल्लू घरट्याच्या काठावर येऊन उभं राहिलं होतं. अंगाने आईएवढं, रंगाने फिकं, डोक्यावर पांढरट पिसांचा बावळट झुपका. पंख मारायचं, काठावर दोन उड्या मारायचं आणि परत आत बसायचं. मी मुलाला घेऊन गच्चीवर जायची. एके सकाळी मादी पलीकडच्या आंब्यावर येऊन बसली, पंजात साप. आता नेऊन देईल म्हणून मी बघत राहिले. ती जागची हलली नाही. पिल्लू ओरडायला लागलं. ती तिथूनच उलट ओरडली, पण हलली नाही. ऊन चढलं तरी हलली नाही.

"देत का नाही ती?" मी चेअरमनांना विचारलं.

"आता देणार नाही. पाहिजे तर त्याने तिथवर जावं."

"आणि पडलं तर? ओढ्यात दगड आहेत."

"आहेत ना."

"आई आहे की वैरीण ती?"

"तुम्ही जाऊन विचारून बघा," ते म्हणाले आणि दुर्बीण पुसत बसले.

त्या दिवशी पिल्लू उडालं नाही. रात्रभर उपाशी राहिलं असणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मादी आंब्यावर, पिल्लू काठावर, दोघांचा एकसारखा आकांत. मला दुर्बिणीतून तिच्या मानेवरचं पीस न्‌ पीस दिसत होतं. ते सगळं फुललेलं होतं. इतके महिने मी त्या पक्ष्यांना पाहत होते, त्यांचा तुरा कधी फुलतो हे मला माहीत होतं. कावळे आले की, जेसीबी गरजला की, माणूस फार जवळ गेला की. तेव्हा जवळ कुणीही नव्हतं. दुपारी पिल्लाने एकदम अंग सोडलं, सरळ खाली गेलं, माझ्या तोंडून किंकाळी निघाली, आणि दगडांच्या पुरुषभर वर त्याचे पंख उघडले. ते आंब्याच्या खालच्या फांदीला कसंबसं जाऊन लटकलं. मादी वरच्या फांदीवरून उतरत उतरत त्याच्यापाशी आली.

रविवारी मी नवऱ्याला म्हटलं, आज खाली ठेवायचा. तो जाऊन भिंतीशी पाय पसरून बसला. मी दिवाणखान्याची सगळी दारं लावली. सोफा ओढून बघितला, टीव्हीचं टेबल ओढून बघितलं, पडदे झटकले, चपलांचं कपाट उघडून एकेक चप्पल आपटली. मग मुलाला खोलीच्या मधोमध फरशीवर ठेवला आणि त्याची बोटं माझ्या पदरातून सोडवून घेतली.

तो किंचाळला. पाय पोटाशी घेतले, हात माझ्याकडे पसरले. मी मागे सरकले. तो आणखी किंचाळला, लाल झाला, त्याचा श्वास अडकला. मी आणखी मागे सरकले, पाठ पलंगाच्या खोलीच्या दाराला टेकली. नवरा भिंतीपासून म्हणत होता, "ये, इकडे ये रे बाळा, इकडे बघ." माझ्या दातांवर दात वाजत होते. मुलाने एक तळवा फरशीवर टेकवला आणि लगेच उचलला. पुन्हा टेकवला. मग दुसरा. रडणं जरा ओसरलं, नुसते हुंदके राहिले. तो टीपॉयपाशी पोचला आणि कडेला धरून उभा राहिला.

तेवढ्यात मला आठवलं, पलंगाखाली मी बघितलंच नाही. पलंगाच्या खोलीचं दार बंद होतं, पण त्याच्या खाली फट होती, चांगली बोटभर. मी वळले, दार उघडलं, जमिनीवर आडवी झाले आणि गाल फरशीला लावून पलंगाखाली बघू लागले. एक बॅग होती. तिच्यामागे अंधार होता. मी डोळे ताणून अंधारात बघत राहिले, आणि माझ्या पाठीमागे नवरा ओरडला, "अगं, बघ! चालला! अगं, बघ ना!"

मी उठून मागे वळेपर्यंत मुलगा त्याच्या मांडीत पोचला होता. नवरा त्याला उचलून नाचवत होता आणि विचारत होता, "बघितलंस? टीपॉय सोडून आला! बघितलंस ना?"

मी हो म्हटलं. त्याची पहिली पावलं मी बघितली नाहीत. मी पलंगाखाली बघत होते, आणि तिथे काही नव्हतं.